ताईचा नंबर लागला

प्रिती गमरे आमच्याच मजल्यावर राहते, काळाचौकीला, जिन्याकडून तिसरी खोली. मजल्यावरच्या बायका तिला हल्ली 'वकीलबाई' म्हणतात. कौतुकानंच म्हणतात, पण ती हसल्यासारखं करते आणि पुढे निघून जाते. नवीन भाडेकरूंना वाटतं पोरगी शिष्ट आहे. ती शिष्ट नाही. लॉ कॉलेजला तिचा नंबर कसा लागला ते मी जवळून पाहिलंय, म्हणून सांगते.

तिचे वडील कोंडीराम माझगावच्या गोदीत वेल्डर होते. प्रिती बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असताना ते गेले. परीक्षा दिली आणि त्याच उन्हाळ्यात ती हिंदमाताला एका साड्यांच्या दुकानात काउंटरवर उभी राहिली. आणखी शिकायचं होतं का, काही व्हायचं होतं का, हे तिला कुणी विचारलं नाही आणि तिनंही कधी बोलून दाखवलं नाही. घरात तिची आई चंपाबाई आणि धाकटा भाऊ सम्यक. घराच्या सगळ्या आशा सम्यकवर होत्या, आणि तो होताच तसा. चौदा एप्रिलला मैदानात भाषण करायला उभा राहिला की कट्ट्यावरची टवाळ पोरंसुद्धा गप्प व्हायची. त्याचा आवाज लांबपर्यंत पोचायचा, आणि काय बोलतोय ते कळून बोलायचा.

बी.ए. झाल्यावर सम्यकला फोर्टात एका वकिलाच्या ऑफिसात काम मिळालं. या ऑफिसातून त्या ऑफिसात कागद पोचवायचे, हायकोर्टात फायली न्यायच्या. मधला वेळ मिळाला की तो एखाद्या कोर्टरूममध्ये मागच्या बाकावर जाऊन बसायचा. कोण वकील कसा उभा राहतो, जज्जसाहेबांनी अडवलं की कसं वळण घेतो, हे सगळं तो घरी येऊन आईला करून दाखवायचा. चंपाबाईंना त्यातलं फार कळत नसे, पण त्या भाकरी थापता थापता ऐकत.

डोळ्यांचं नक्की कधी सुरू झालं ते कुणाला सांगता येत नाही. आधी तो संध्याकाळी खेळताना चेंडू हरवू लागला. मग घरातल्या स्टुलाला, बादलीला अडखळू लागला. प्रिती चिडवायची, म्हणायची तुझं लक्ष कुठे असतं रे. एकदा फोर्टात रस्ता ओलांडताना बाजूनं आलेली मोटरसायकल त्याला दिसलीच नाही. फार लागलं नाही, पण त्यानंतर त्यानं घरी खरं सांगितलं, की समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही.

मी परळच्या एका हॉस्पिटलात रेकॉर्ड विभागात कामाला आहे. मीच त्याचा केसपेपर काढला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या आणि प्रितीला आणि मला बसवून समजावलं. डोळ्याचा आतला पडदा हळूहळू निकामी होत जाणारा आजार आहे, जन्मापासूनच अंगात असतो. आता नळीतून पाहिल्यासारखं दिसतंय, ती नळी बारीक होत जाईल. औषध नाही. सम्यक बाहेर बाकावर बसला होता. आम्ही बाहेर आलो तसा तो म्हणाला, "मला ऐकू आलं. दार उघडं होतं." आणि उठून चालू लागला. प्रिती त्याच्या मागून धावली.

नोकरी पुढे काही महिने टिकली. मग वकीलसाहेबांनीच त्याला सांभाळून सांगितलं, की तुला रस्त्यावर पाठवायची मला आता भीती वाटते. सम्यक घरी बसला. वर्षभर तो गॅलरीत फार दिसलाच नाही. जेवायचा, झोपायचा, फोन कानाला लावून पडायचा. चंपाबाई कुणी सांगेल तिथे त्याला नेऊन आल्या, सावंतवाडीच्या वैद्याकडेसुद्धा. त्या वैद्याचे थेंब घातले की डोळे नुसते चुरचुरायचे. सम्यकनं तेही सोसलं. आईला नाही म्हणायचं नाही असं त्यानं ठरवलं असावं.

मग एक दिवस त्यानं आपणहून सांगितलं, की मला लॉ करायचंय. सीईटी देतो. प्रितीला वाटलं तो बोलता बोलता बोलतोय. पण त्यानं सगळी माहिती काढून ठेवली होती. परीक्षेत काय काय असतं, अपंगांना जास्तीचा वेळ किती, लेखनिक कसा मिळतो. चंपाबाई म्हणाल्या, बाबा, एवढं वाचायचं कसं? तेव्हा तो म्हणाला, "आई, कागद पोचवायला डोळे लागतात. बोलायला लागत नाहीत."

हे वाक्य चंपाबाईंनी पुढे मजल्यावर सगळ्यांना सांगितलं.

पण वाचायचं कसं हा प्रश्न होताच. त्याचा फोन बोलायचा, मजकूर वाचून दाखवायचा. पण अभ्यासाचं पुष्कळसं सामान म्हणजे जुन्या पुस्तकांची स्कॅन केलेली पानं, आणि ती फोनला वाचता येत नसत. तेव्हा वाचायचं काम प्रितीनं घेतलं. तिचं दुकान अकराला उघडायचं. सकाळी पाणी भरून झालं, डबा झाला की दोघं भाऊबहीण गॅलरीत खुर्च्या टाकून बसायचे. ती वाचायची, तो ऐकायचा. करार म्हणजे काय, नुकसानभरपाई कधी मागता येते, घटनेतली कलमं, चालू घडामोडी, इंग्रजीचे उतारे. मी कामाला निघताना रोज तिचा आवाज कानावर यायचा. तिचं इंग्रजी सुरुवातीला अडखळायचं. उन्हाळा संपून पुन्हा थंडी पडेपर्यंत ते सरळ झालं होतं.

मला वाटतं तो वर्षभराचा काळ त्या दोघांचा सगळ्यात चांगला होता. प्रितीला कायदा दुकानातून समजायचा. काचेत साडी लावून ठेवली म्हणजे ती त्या किमतीला विकायचं वचन दिलं असं होत नाही, ते फक्त गिऱ्हाइकाला दिलेलं आमंत्रण असतं, हे वाचल्यावर ती खूप हसली होती. म्हणाली, अरे, आमचे शेठ हेच रोज भांडून सांगतात. सम्यक तिला उलटेसुलटे प्रश्न विचारायचा, साडी फाटकी निघाली तर, गिऱ्हाइकानं घरी जाऊन रंग घालवला तर. ती उत्तर द्यायची. दोघंही मोठमोठ्यानं वाद घालायचे आणि आतून चंपाबाई ओरडायच्या की डबा निवतोय.

लेखनिकाचा प्रश्न आला तेव्हा सम्यकनं अर्थातच प्रितीचं नाव घेतलं. पण नियमात ती बसत नव्हती. लेखनिक उमेदवारापेक्षा कमी शिकलेला हवा, आणि प्रिती तर त्याच्यासारखीच पदवीधर. माझी मुलगी आकांक्षा तेव्हा बारावी होऊन पहिल्या वर्षाला गेली होती. ती म्हणाली, मी बसते दादाबरोबर. तिला त्यात मजाही वाटत होती. मग रविवारी दुपारी तिघं बसायला लागली. आकांक्षा प्रश्न वाचायची, चार पर्याय वाचायची, आणि सम्यक टेबलावर बोटानं टकटक करायचा. एकदा म्हणजे पहिला पर्याय, दोनदा म्हणजे दुसरा. आकृतीचा प्रश्न आला की ती कशी सांगायची, आकड्यांची मालिका कितीदा वाचायची, हे सगळं त्यांचं ठरलेलं होतं. हळूहळू त्यांचा चांगला वेग आला.

आकांक्षानं मला एकदा घरी येऊन सांगितलं, "आई, प्रितीताईला दादाच्या आधी उत्तर येतं. ती बोलत नाही फक्त."

मी म्हटलं, असेल. पण सम्यकच्याही ते लक्षात आलं होतं. डोळे गेलेल्या माणसाला समोरच्याचा श्वास कळतो म्हणे. उत्तर माहीत असून गप्प बसलेला माणूस त्याला कळत असणारच. फॉर्म भरायचे दिवस आले तेव्हा तो प्रितीला म्हणाला, तूपण भर. तिनं उडवून लावलं. तिशी आली, दुकान कोण बघणार, घर कसं चालणार. तो म्हणाला वयाची अट नाही, आणि परीक्षेनं काय जातंय, मला सोबत म्हणून भर. शेवटी त्याच्या सोबतीसाठी तिनं भरला. हे मी तिच्या तोंडून कितीदा ऐकलंय. सोबतीसाठी भरला होता, काकी.

परीक्षा आठवड्यावर आली आणि आकांक्षाचे डोळे पिवळे झाले. रक्त तपासलं, कावीळ निघाली. तिला उठून बसवेना, अन्न पोटात टिकेना. ती त्या तापातसुद्धा रडत म्हणत होती की मी जाईन, रिक्षानं जाईन. तिच्यात उभं राहायचंही त्राण नव्हतं. सम्यक आमच्या दारात आला, उंबऱ्यावर बसला आणि तिला म्हणाला, तू बरी हो, मला दुसरं कुणीतरी मिळेल. त्याचा आवाज अगदी नेहमीसारखा होता.

प्रितीनं धावाधाव करून एका संस्थेकडून लेखनिक मिळवली. नम्रता नावाची मुलगी. नुकती बारावी झालेली, स्वभावानं गोड. परीक्षेच्या सकाळी दोघांची पहिली भेट झाली. नम्रता गुजराती माध्यमात शिकलेली होती. मराठी ती बोलायची, वाचताना अक्षर अक्षर लावायची. इंग्रजीही तसंच. तिनं संस्थेला हे आधी सांगितलं होतं म्हणे, पण ऐनवेळी दुसरं कुणी नव्हतं.

प्रितीची परीक्षा आदल्या दिवशी होऊन गेली होती. ती सम्यकला केंद्रावर सोडून बाहेर फुटपाथवर बसून राहिली. तो बाहेर आला तेव्हा त्याच्याबरोबर नम्रताही आली, आणि ती रडत होती. सॉरी भय्या, सॉरी भय्या, एवढंच म्हणत होती. सम्यक तिची समजूत काढत होता. लांबलचक उतारे वाचायला तिला इतका वेळ लागला, की जास्तीचा वेळ मिळूनही शेवटचे पुष्कळ प्रश्न राहून गेले. आकृत्या तिला सांगता येईनात. वेळ संपत आली तेव्हा तिनं विचारलं, बाकीच्यांना कुठलापण पर्याय टाकू? चुकीला गुण कापत नव्हते. तो म्हणाला, टाक.

घरी येताना टॅक्सीत प्रितीनं आयोजकांकडे तक्रार करायची गोष्ट काढली. सम्यक म्हणाला, कुणाची तक्रार करू? त्या पोरीची? आणि खिडकीकडे तोंड करून बसला.

निकाल लागला त्या दिवशी प्रितीची सुट्टी होती. मी त्यांच्याकडेच होते, चंपाबाईंनी शिरा केला होता. प्रितीनं आधी त्याचा निकाल पाहिला. साठीच्या आसपास पर्सेंटाइल होतं. तिनं ते वाचलं. चंपाबाईंनी विचारलं पास का? प्रिती म्हणाली, यात पास-नापास नसतं आई. सम्यकनं मान हलवली आणि विचारलं, "तुझं?"

प्रिती म्हणाली, बरं आहे. मग बघू.

"वाच ना ताई."

ती वाचेना. तेव्हा त्यानं हात पुढे केला आणि तिच्या हातातून फोन घेतला. त्याच्या बोटांना सवय होती, त्यानं तिच्या फोनवर बोलायची सोय सुरू केली आणि स्क्रीनवरून बोट फिरवलं. फोन त्याच्या त्या एकसुरी बाईच्या आवाजात एक एक ओळ वाचू लागला. प्रिती कोंडीराम गमरे. नव्व्याण्णव पॉइंट काहीतरी. सम्यकनं तो आकडा दोनदा वाचून घेतला.

"भारी," तो म्हणाला. फोन परत दिला. मग शिऱ्याची बशी मागितली आणि सगळा शिरा खाल्ला.

आता कॉलेजं भरायची होती. ऑनलाइन पसंतीक्रम द्यायचा, आधी कुठलं, मग कुठलं. सम्यकनं सांगितलं की माझं एकच भर. चर्चगेटजवळचं जुनं सरकारी कॉलेज. प्रितीनं त्याला समजावलं, की तिथं मोठ्या मार्कांची मुलं येतात, दादर आहे, माटुंगा आहे, खालची दहा कॉलेजं टाकू. तो ऐकेना. त्याला कारण होतं. तो भाग त्याच्या पायांना पाठ होता. डोळे चांगले असताना तो त्या गल्ल्यांतून वर्षभर कागद घेऊन हिंडला होता. बस कुठे थांबते, फुटपाथ कुठे उतरतो, कुठल्या वळणावर चहाच्या टपरीचा वास येतो, सगळं त्याला माहीत होतं. बाकी कुठल्याही ठिकाणी त्याला आंधळ्यासारखं जावं लागलं असतं. तिथं तो सम्यक म्हणून गेला असता.

त्याच्या फॉर्मवर बोटं प्रितीची होती. तिनं त्याला न सांगता आणखी कॉलेजं टाकली असती तर त्याला कळलंही नसतं. तिच्या मनात ते आलं होतं. कॉलेजांची नावं समोर होती, नुसतं टिचकी मारायची होती. पण आयुष्यात ज्याच्या हातातून एक एक गोष्ट काढून घेतली जातेय त्याची ही एक गोष्ट तरी त्याची राहू दे, असं तिला वाटलं. तिनं एकच नाव भरलं. त्याच्या हट्टानं तिनं स्वतःच्या फॉर्मवरही ते नाव पहिलं टाकलं. दोघं बरोबर जाऊ, तो म्हणाला होता.

पहिल्या फेरीत प्रितीला ते कॉलेज मिळालं. सम्यकला काहीच मिळालं नाही. अपंगांसाठी जी राखीव जागा होती ती जास्त गुणांच्या दुसऱ्या कुणाला गेली होती. ती रीतसर गेली होती, त्यात कुणाचं काही चुकलं नव्हतं.

दुसऱ्या फेरीला प्रिती त्याच्या मागे लागली. तो म्हणाला, भर तुला काय भरायचं ते. पण तोवर शहरातल्या जागा निघून गेल्या होत्या. त्याला पनवेलच्याही पुढचं एक कॉलेज मिळालं. प्रिती दुकानातून सुट्टी घेऊन त्याला कॉलेज दाखवायला घेऊन गेली. हायवेवर उतरायचं, मग खणून ठेवलेल्या रस्त्यानं बरंच चालायचं. दोन्ही बाजूंनी डंपर जात होते आणि त्यांच्या आवाजात सम्यकला कुठलीच दिशा लागत नव्हती. तो तिचं कोपर घट्ट धरून चालत होता, तरी एका खड्ड्यात त्याचा पाय मुरगळला. कॉलेजची माणसं चांगली होती. क्लार्कनं पाणी दिलं, खुर्ची दिली. प्रितीनं हॉस्टेलचं विचारलं, तर हॉस्टेल नव्हतं. वर्ग तिसऱ्या मजल्यावर होते आणि लिफ्टचं काम चालू होतं.

परतताना स्टॉपवर बस येईना. सम्यक तिथं बाकावर बसून पाय चोळत होता. तो म्हणाला, "ताई, मी नाही येणार इथं."

ती म्हणाली, आपण काहीतरी करू, खोली बघू, मी इकडे नोकरी बघते.

"आणि तुझं कॉलेज?"

तिनं सांगून टाकलं, की मी नाही घेत ॲडमिशन. मी कुठे वकील व्हायला परीक्षा दिली होती?

सम्यकनं पाय चोळायचं थांबवलं. मग म्हणाला, "तू माझ्यासाठी सोडलंस असं आयुष्यभर ऐकायची माझी तयारी नाही. आई बोलेल, सगळा मजला बोलेल, तू गप्प राहशील आणि मला ते ऐकू येत राहील. तू जा. एवढं तरी माझ्यावर लादू नकोस."

हे प्रितीनं मला नंतर सांगितलं, जिन्यात उभं राहून. ती म्हणाली, तो रागानं बोलला असता तर मी भांडले असते. तो विनवणी करत होता.

तिनं प्रवेश घेतला. कॉलेज सकाळचं होतं, त्यामुळे दुकान सुटलं नाही. तिथून ती थेट हिंदमाताला येते आणि अकराला काउंटरवर उभी राहते. पण त्यामुळे गॅलरीतल्या खुर्च्या गेल्या. पहिल्या दिवशी सम्यक तिच्या आधी उठून बसला होता. कुठल्या बसनं जायचं, कुठे उतरायचं, कॉलेजचं गेट कुठल्या बाजूला आहे, सगळं त्यानं तिला सांगितलं. ती खाली उतरली तरी तो कठड्याशी उभा होता. आता एवढ्या लांबचं त्याला दिसत नव्हतं, हे तिलाही माहीत होतं. तरी तिनं हात हलवला.

सुरुवातीला ती लेक्चर फोनवर रेकॉर्ड करून आणायची. तो ऐकायचा, रात्री जेवताना विचारायचा, सरांनी हे असं का सांगितलं. पुढच्या वर्षी पुन्हा बस परीक्षेला, आकांक्षा आहे, मी आहे, असं ती म्हणायची, आणि तो बघू म्हणायचा. दिवाळीनंतर त्यानं रेकॉर्डिंग मागायचं सोडलं. प्रितीनं एकदा आपणहून फोन त्याच्यापुढे ठेवला. तो म्हणाला, "ताई, ते तुझं आहे. तू ऐक."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्याला उरलंसुरलं दिसायचंही बंद झालं. एका सकाळी त्यानं आईला विचारलं की लाइट गेलेत का. चंपाबाई मला बोलवायला माझ्या दारात आल्या. मी गेले तर तो पलंगावर बसला होता, हात मांडीवर ठेवून. मला म्हणाला, काकी, होणारच होतं, डॉक्टरांनी सांगितलंच होतं ना.

प्रिती तेव्हा परीक्षेला गेली होती. पेपर देऊन ती दुकानात गेली आणि संध्याकाळी घरी आल्यावर तिला कळलं. सकाळीच का नाही कळवलं म्हणून ती माझ्यावर चिडली. सम्यकनंच बजावलं होतं, की तिचा पेपर आहे, तिला फोन करू नका.

सीईटीचे फॉर्म परत निघाले. त्यानं भरला नाही. त्याऐवजी त्यानं एका संस्थेत पांढरी काठी घेऊन चालायचं आणि कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलं, आणि ऐरोलीला एका कंपनीत फोनवर ग्राहकांशी बोलायची नोकरी धरली. तिथंच दोन मित्रांबरोबर खोली घेतली. चंपाबाईंनी खूप विरोध केला. तो त्यांना म्हणाला, मला तिथं सगळं नवीन शिकायचंय, इथं सगळं पूर्वीचं आठवत राहतं. त्याचं चांगलं चाललंय. साहेब लोक खूश आहेत, त्याच्या आवाजावर. वीज का गेली, पैसे का कापले, असं लोक चिडून विचारतात आणि तो त्यांना शांत करतो.

प्रिती आता शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजात वादविवादाच्या खोट्या खटल्यात ती पहिली आली. तिचा फोटो कॉलेजच्या ग्रुपवर आला तो आकांक्षानं मला दाखवला. पांढरा शर्ट, काळा कोट, समोर कागद. त्यात ती हुशार दिसत होती आणि फार थकलेली. मी अभिनंदन केलं तर म्हणाली, काकी, तिथं उभी राहिले ना, की माझ्या तोंडून त्याची वाक्यं येतात. तो आईला करून दाखवायचा ना, तशीच. सगळे टाळ्या वाजवतात आणि मला वाटतं मी चोरून आणलंय. मी म्हटलं, असं कसं म्हणतेस, तू मेहनत केलीस. तिला ते पटलं नाही.

बुद्धपौर्णिमेला सम्यक घरी आला होता. चंपाबाईंनी खीर केली, आम्हालाही बोलावलं. तो आकांक्षाशी छान बोलला. तिची नोकरी, तिचं ऑफिस, सगळं विचारलं. प्रितीला विचारलं, या वेळी कुठले विषय? ती म्हणाली, कंपनी लॉ आहे, आणि पुरावा कायदा. तो म्हणाला, छान. पुढे ती वाट बघत होती, हे मला दिसत होतं. तो खोलीचं भाडं वाढल्याचं बोलू लागला.

तो गेल्यावर मी तिला मदत म्हणून भांडी आवरायला थांबले. न राहवून विचारलं, अजून रागावलाय का गं तुझ्यावर?

"रागावला असता तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "तो फार चांगलं वागतो माझ्याशी. पाहुण्यासारखा."

चंपाबाई आतून म्हणाल्या, पुढच्या महिन्यात दोन दिवस राहायला येतो म्हणालाय, त्याला बोंबील करीन. प्रितीनं हो म्हटलं आणि त्याची वाटी धुऊन उपडी घातली.

पुढच्या महिन्यात तो आला नाही. फोन आला होता, शिफ्ट बदलली म्हणून.